दुपारी एकटे जेवणारे

माणसांची वर्गवारी करणं हे माझं काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं. असं मी कुठे बोलले की समोरचा माणूस जरा मागे सरकतो. "माणसांचे कसे हो कप्पे करता?" असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. मोजकी ब्लँकेटं घेऊन अख्ख्या पाड्यासमोर उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते. कप्पे केले नाहीत तर ब्लँकेट कोणाला मिळतं, तर ज्याचा आवाज मोठा त्याला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमची संस्था लहान. शहापूरच्या बाजारपेठेत, दुकानांच्या वर दोन खोल्या. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत आणि पाड्यांवर आम्ही मुलांच्या अभ्यासिका चालवतो, डोळ्यांची शिबिरं घेतो, शेळ्या देतो, थंडीत पांघरुणं वाटतो. पैसे देणारे मुंबई-ठाण्याचे. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "नेमकं कोणाला?" ते नेमकं कोणाला हे ठरवणं माझ्याकडे.

या कामात माझे काही हट्ट आहेत. 'गरजू' आणि 'वंचित' हे दोन शब्द मी कचेरीत चालू देत नाही. गरज कोणाला नाही? मला स्वतःला नव्या स्कूटरची गरज आहे. गटाचं नाव असं हवं की त्यातून काय द्यायचं ते कळावं. 'मोतीबिंदू झालेले' म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. 'वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं' म्हटलं की कळतं, दिवाळी झाली की ही मुलं गावात सापडणार नाहीत, शिकवणारीलाच भट्टीवर जावं लागेल. आणि दुसरं, गटाचं नाव त्या माणसाच्या तोंडावर उच्चारता आलं पाहिजे.

लोकही काही कमी नसतात. एकट्या बायकांना शेळ्या द्यायच्या होत्या तेव्हा एक गृहस्थ येऊन बसले. म्हणाले, बायको होळीला माहेरी गेली ती आलीच नाही, तेव्हा मी पण एकटाच, मला पण शेळी द्या. मी त्यांना सासरी जायचं एसटीचं तिकीट देऊ केलं. ते रागावून गेले, पण पुढच्या शिबिरात बायकोला घेऊन आले. शेळी मात्र मी दिली नाही.

तर अशी सगळी गाडी रुळावर चालली असताना आम्ही दुपारच्या जेवणाचं काम सुरू केलं. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या काही गावांत म्हाताऱ्या माणसांना रोज दुपारी एक वेळचं गरम जेवण द्यायचं. बचतगटाच्या बायका रांधणार, समाजमंदिरात पंगत बसणार. रविवारी सुट्टी, कारण रविवारी सगळ्यांची माणसं घरी असतात. गटाचं नाव ठेवलं 'निराधार ज्येष्ठ'. सरकारी योजनांमुळे हा शब्द सगळ्यांना माहीत होता आणि देणाऱ्यांना तो लगेच पटला. ज्याचा मुलगा किंवा मुलगी कमावती आहे तो या गटात बसणार नाही, अशी अट मीच घातली. अट स्वच्छ होती. आजही मी म्हणेन की कागदावर तिच्यात खोट नव्हती.

मुरबाडकडची गावं आमच्या एका सहकाऱ्याकडे होती. कामाला चोख माणूस, फक्त त्या बाजूला नवा. जेवण सुरू होऊन थोडे दिवस झाल्यावर मी न सांगता पाहायला निघाले. शहापूरहून किन्हवलीवरून सरळगावला आले, तिथून पुढे वैशाखऱ्याला. वैशाखरे माझं माहेर. बाबा तिथे एकटे राहतात. आई गेल्यापासून दर रविवारी मी जाते, आठवड्याचे डबे करून फ्रिजमध्ये लावून येते. फ्रिजही मीच घेऊन दिलेला, गॅसही. त्यामुळे त्या गावात मला कोणी नवखं नव्हतं. फक्त कामाच्या दिवशी भर दुपारी मी तिथे कित्येक वर्षांत गेले नव्हते.

समाजमंदिराच्या दारात चपला होत्या. आतून भाताचा वास येत होता आणि हसण्याचा आवाज. मी वाकून आत पाहिलं. पंगतीच्या मधोमध माझे बाबा बसले होते. मिशीला आमटी लागलेली, उजवा हात भातात, डाव्या हाताने शेजारच्याला काहीतरी रंगवून सांगत होते. मला पाहून ते जराही दचकले नाहीत.

"आलीस? हात धू," म्हणाले.

मी हात धुतले नाहीत. मी तिथेच उभी राहिले. वाढणाऱ्या बाईंनी पदराला हात पुसत सांगितलं, "काका रोज येतात, ताई. पयल्या दिसापासून."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"आमाला वाटलं तुमीच लावून दिलं आसंल. तुमचंच तर हाय ना हे?"

माझा सहकारी कोपऱ्यात पांढराफटक पडला होता. बाबांचं आणि माझं आडनाव वेगळं, त्यामुळे त्याला काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. त्याने भर दुपारी दारोदार जाऊन विचारलं होतं, घरात कोण असतं? बाबांनी सांगितलं होतं, कोण नाही. मग त्याने त्यांना निराधारांत घातलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा बाप निराधार! ज्या बापाच्या फ्रिजमध्ये माझ्या हातचे डबे एकावर एक रचलेले आहेत, तो गावासमोर मांडी घालून संस्थेचं जेवण जेवतो, आणि संस्था कोणाची, तर माझी. गाव काय म्हणत असेल याचा विचार करून माझे कान गरम झाले. जेवण संपेपर्यंत मी बाहेर पारावर बसून राहिले. बाबा हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून सावकाश आले आणि आम्ही घराकडे चालू लागलो.

"बाबा, तुम्ही निराधार आहात?"

"कोन म्हनतो?"

"तुमचं नाव त्या गटात आहे. निराधार ज्येष्ठ."

ते थांबले. तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. "मला कोनी आसं नाय सांगितलं," ते म्हणाले. "त्या पोरानं इचारलं, दुपारचं घरात कोन? मी म्हनलो, कोन नाय. खोटं सांगू काय?"

घरी येऊन मी फ्रिज उघडला. रविवारचे डबे निम्मे संपले होते, म्हणजे ते टाकून देत नव्हते. मी विचारलं, डबे आहेत, गॅस आहे, मग तिथे कशाला जायचं? मी काय कमी करते? तेव्हा माझा आवाज चांगलाच चढला होता. शेजारची म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि माझा अवतार पाहून परत गेली.

बाबा खाटेवर बसले. "डबे रातच्याला खातो मी. रात जाते. टीवी हाय, शेजारचे येतात, त्यांची पोरं येतात. दुपार जात नाय."

"मग मला फोन करायचा."

"फोन करून काय जेवता येतं?"

मी फ्रिजचं दार लावलं. ते म्हणाले, "तू हायेस गो. तू नायस आसं मी कवा म्हनलो? पन दुपारी नायस."

मी त्यांना खरं तर ओळखत होते. माझ्या लहानपणी बाबांनी दुपारचं जेवण घरात एकट्याने कधी घेतलेलं मला आठवत नाही. भातलावणीत आज आमच्या शेतावर, उद्या दुसऱ्याच्या, अशी माणसं एकमेकांकडे जायची, आणि ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं. बांधावर ओळीने बसायचं, हसायचं, एकमेकांच्या भाकरीवरची चटणी पळवायची. शेतीची कामं नसतील तेव्हा आई असायची. आता रस्त्याकडेची जमीन विकली गेली, तिच्यावर कोणाचं तरी फार्महाऊस उभं आहे. उरलेली दुसऱ्याला वाट्याने दिली. आई नाही. ज्या माणसाने जन्मभर दहाजणांत दुपार काढली त्याला मी फ्रिज दिला होता.

पण राग गेला म्हणून प्रश्न सुटत नाही. दुसऱ्याच दिवशी सहकाऱ्याने विचारलं, "ताई, काकांचं नाव काढू?" बिचारा माझ्याच अटीची मला आठवण करून देत होता. मुलगी कमावती आहे, तेव्हा काका अपात्र. त्यांना ठेवलं तर उद्या सगळा तालुका म्हणणार, बाईंनी बापाला वशिल्याने बसवलं. काढलं तर बाबा पुन्हा त्या खाटेवर, दारासमोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत. वशिला मला जमत नाही, आणि बापाला भरल्या पंगतीतून उठवणं तर मुळीच जमणार नव्हतं. मग राहिली अट. ती बघायला मी पुन्हा वैशाखऱ्याला गेले, या वेळी सकाळीच.

सकाळी गाव भरलेलं होतं. मग कंपनीच्या गाड्या आल्या आणि मुलगे, सुना, सगळे मुरबाडच्या एमआयडीसीकडे गेले. शाळेची मुलं गेली. एसटी गेली. ऊन वर चढलं तेव्हा दारांना कड्या लागल्या होत्या आणि ओट्यांवर फक्त म्हातारी माणसं उरली होती. मी एकेका ओट्यावर बसत गेले. पंगतीतल्या बहुतेकांना मुलगा होता; सहकाऱ्याच्या प्रश्नाला त्यांनीही बाबांसारखंच उत्तर दिलं होतं. कोणाला दोन होते, तेही त्याच घरात. आमच्याकडे घर एक असलं तरी चुली वेगळ्या असतात. भाऊ वेगळे झाले की मध्ये भिंत येते, आणि आईबापांची वाटणी होते. एका आजीचं असंच झालं होतं. ती धाकट्याच्या चुलीवर जेवायची, तिचा नवरा थोरल्याच्या. एका छपराखाली राहून दोघांची ताटं वेगळ्या खोल्यांत.

"दुपारी बसतो ना आमी," ती म्हणाली. "शाळंतल्यासारखं. शेजारी शेजारी." आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की मलाही हसू आलं.

माझ्या अटीप्रमाणे ती दोघंही अपात्र होती. माझ्या अटीप्रमाणे जवळजवळ अख्खी पंगतच अपात्र होती. आणि अट काटेकोर लावली तर पंगतीत खरोखर एकच जण उरला असता, ओढ्याकाठी राहणारा एक म्हातारा, ज्याला रात्रीही कोणी नव्हतं. त्याला एकट्याला आम्ही त्या मोठ्या समाजमंदिरात बसवून वाढलं असतं, आणि अहवालात लिहिलं असतं की जेवण अगदी योग्य माणसापर्यंत पोहोचतं.

तिथेच, त्या आजीच्या ओट्यावर बसून मी नवा गट केला. गटाचं नाव 'दुपारी एकटे जेवणारे'. साठी उलटलेल्यांना अट एकच, कामाच्या दिवशी दुपारी सोबत जेवायला कोणी नसावं. मुलगा आहे की नाही, जमीन आहे की नाही, विचारायचं नाही. आणि ओढ्याकाठच्या म्हाताऱ्यासारख्यांचा गट वेगळा, 'रात्रीही एकटे'. त्यांनी दुपारी सगळ्यांत बसायचं आणि वर संध्याकाळचा डबा त्यांच्या घरी जायचा. हे नाव मी ओढ्याकाठी जाऊन त्या आजोबांच्या तोंडावर उच्चारून पाहिलं. ते म्हणाले, "हां, बरोबर हाय." निराधार म्हटलं असतं तर त्यांनी मान खाली घातली असती.

शहापूरच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढतात म्हणजे नाही म्हणणार असतात.

"ताई, मग उद्या रस्त्यावरच्या एखाद्या फार्महाऊसमधला म्हातारा येऊन बसला तर?"

"बसू दे," मी म्हणाले. "ज्याच्याकडे फार्महाऊस आहे तो आमटी-भात जेवायला सतरंजीवर मांडी घालून बसत असेल तर त्याची काहीतरी अडचण असणार. तीच अडचण दूर करायला आपण जेवण घालतो."

"देणाऱ्यांना काय सांगायचं? आम्ही मुलंबाळं असलेल्यांना जेवू घालतो?"

"तुमच्या आई गावी असतात ना?" मी विचारलं. "आज दुपारी कोणाबरोबर जेवल्या त्या?"

हे मी मुद्दाम विचारलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. अध्यक्षांनी चष्मा उचलला, पुसला, पुन्हा पुसला. मग मी माझ्या वडिलांचं सांगितलं, लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी म्हणाले, नव्या गटात ते बसतात, जुन्यात बसत नव्हते, आणि गट बदलायला मी त्यांच्यामुळेच निघाले. तुम्हाला यात वशिला दिसत असेल तर वैशाखऱ्याला चला आणि पंगत बघा. बराच वेळ वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं की ज्यांच्या घरी भात पिकतो त्यांनी सुगीनंतर आपल्या मनाने तांदूळ आणून द्यावेत, आणि यंदा करून बघावं. तांदळाची सूचना माझी नव्हती, अध्यक्षांचीच होती, आणि ती चांगली होती.

गट नवा झाला म्हणजे नावं नव्याने घ्यायची. ते काम मी सहकाऱ्यावर सोपवलं नाही. वाढण आणायच्या आधी पंगत बसली होती, तिथेच मी एकेकासमोर बसून एकच प्रश्न विचारत गेले, "दुपारी कोणाबरोबर जेवता?" कोणी हसलं, कोणी नुसता हात हलवला. आजी नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हितं आले तर याच्यासंगं, नायतर भिंतीसंगं." सहकारी शेजारी उभा राहून नावं लिहीत होता.

बाबांपाशी आले. त्यांनाही मी तोच प्रश्न विचारला, तशाच कामाच्या आवाजात. तेही परक्यासारखे नीट उत्तरले, "एकटाच. बायको नाय. मुलगी हाय, ती शहापूरला."

"बरं," मी म्हणाले आणि पुढे सरकायला लागले.

"आनि तू गो?" ते म्हणाले. "तू दुपारी कोनासंगं जेवतेस?"

मी काहीतरी बोलणार होते. नवरा पहाटे आसनगावहून लोकल पकडतो तो रात्री येतो. मुलगा पुण्याला शिकतो. कचेरीतले सगळे दुपारी कुठल्या ना कुठल्या पाड्यावर असतात. मी डबा उघडते, समोर कॉम्प्युटर चालूच असतो, आणि हात धुऊन येईपर्यंत पुढचं काम सुरू झालेलं असतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःला तर नाहीच.

"एकटीच," मी म्हणाले.

बाबांनी मान वळवून सहकाऱ्याला सांगितलं, "हिचं बी लिव."

सगळी पंगत हसली. सहकारी हसला. मीही हसले. "वयात बसत नाही मी, बाबा. साठीची अट आहे."

"बरी आठवन ठेवतेस अटींची," ते म्हणाले आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं. "सरक रे जरा. पोरीला बसू दे."

वाढणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर ताट ठेवलं. भात, शेवग्याच्या शेंगा घातलेली आमटी, वांग्याचं भरीत, कांदा. मला भूक लागली होती. उजवीकडे बाबा कोणाच्या तरी बैलाची गोष्ट सांगत होते, पलीकडे आजी नवऱ्याच्या ताटातला कांदा उचलत होती. मी जेवले. हात थांबला तेव्हा पाहिलं, माझं ताट रिकामं झालं होतं आणि बाकीच्यांनी पहिला भातही संपवला नव्हता. सगळे अजून बोलत होते, निवांत कालवत होते. पंगतीतून आधी उठायचं नसतं, म्हणून उष्टा हात ताटात धरून मी तशीच बसून राहिले.

बाबांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बैलाची गोष्ट अर्धीच ठेवून त्यांनी वाढणाऱ्या बाईंना हाक मारली. "हिला आजून भात वाढा," ते म्हणाले, आणि मग हळूच मला, "आता सावकाश जेव गो. आमी हावोत."